अक्षर, डोळा आणि वाचक : मोबाईलवरील दृष्टिपरीक्षेचा एक भाषावैज्ञानिक विचार

नेत्रवैद्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. वर एकच ठळक अक्षर, त्याखाली क्रमाने लहान होत जाणाऱ्या ओळी, आणि सुमारे सहा मीटर अंतरावर एक डोळा झाकून बसलेला रुग्ण. वैद्य विचारतो, "कोणते अक्षर दिसते?" रुग्ण उत्तर देतो आणि त्या उत्तरावरून त्याच्या दृष्टीची तीक्ष्णता ठरविली जाते. हा प्रश्न वरकरणी एक भासला तरी वस्तुतः त्यात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. समोरची आकृती डोळ्याला स्पष्ट दिसते काय, हा पहिला. आणि दिसलेली आकृती अमुक अक्षर आहे असे ओळखून तिचे नाव उच्चारता येते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न नेत्रविज्ञानाच्या कक्षेतला आहे, दुसरा लिपीच्या आणि भाषेच्या. सुशिक्षित प्रौढ रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरता येते, म्हणून ही सरमिसळ सहसा जाणवत नाही. पण रुग्णाच्या जागी पहिलीतले मूल, कधीच शाळेत न गेलेली वृद्धा किंवा अन्य लिपीत शिकलेला मनुष्य बसला, की ती एकदम उघडी पडते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही परीक्षा भिंतीवरून उतरून मोबाईल आणि टॅबलेट यांच्या काचेवर आली आहे. या स्थलांतराची चर्चा बहुधा सोय, खर्च आणि वेग यांच्या अंगाने होते. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक निराळी गोष्ट दिसते. या उपकरणांनी जेथे निःसंशय यश मिळविले, तेथे त्यांनी आधी अक्षराला हद्दपार केले होते. आणि जेथे अक्षराला परत बोलावणे भाग पडले, म्हणजे वाचनाची व दृक्‌-संस्करणाची परीक्षा घ्यावयाची वेळ आली, तेथे रोमन लिपीसाठी घडविलेली मापे देवनागरीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मूळ तक्त्याचा इतिहास प्रथम पाहणे इष्ट ठरेल. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन याने १८६२ साली आपली परीक्षाचिन्हे प्रसिद्ध केली. त्यापूर्वीही छापील मजकूर वाचायला देऊन दृष्टी तपासण्याचा प्रघात होता. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने १८५४ साली काढलेले वाचन-नमुने प्रसिद्धच आहेत. परंतु ते मुद्रकाकडे उपलब्ध असलेल्या खिळ्यांवर अवलंबून होते. स्नेलेनने अक्षरे मुद्दाम रेखली. पाच उभ्या आणि पाच आडव्या घरांच्या चौकटीत प्रत्येक अक्षर बसविले आणि रेघेची जाडी एका घराएवढी ठेवली. एका अंशाचे साठ भाग केले असता त्यातील एका भागास कला म्हणतात. निकोप डोळ्यासाठी नेमलेल्या ओळीतील अक्षर डोळ्यापाशी पाच कलांचा कोन करते आणि त्याची रेघ एका कलेचा. सहा मीटर अंतरावर अशा अक्षराची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर भरते. ज्याला आपण "सहावर सहा" म्हणतो ते मोजमाप येथून आले. स्नेलेनने आधी अमूर्त आकृत्या वापरून पाहिल्या होत्या, पण शेवटी तो अक्षरांकडे वळला. त्याचे कारण व्यावहारिक असावे. अक्षराचे नाव सांगणे रुग्णाला सोपे जाते आणि ते उत्तर पडताळणे वैद्याला.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागली. अक्षरे सारखी सुवाच्य नसतात. रोमन लिपीतील एल हे दुरूनही ओळखता येते, तर बी हे आठाच्या आकड्याशी सहज घोटाळते. जुन्या तक्त्यात वरच्या ओळीत एकच अक्षर आणि खालच्या ओळींत अनेक, म्हणजे प्रत्येक ओळीची परीक्षाही सारखी कठीण नव्हे. हे दोष इयन बेली आणि जॅन लव्ही यांनी १९७६ साली मेलबर्न येथे केलेल्या मांडणीने बऱ्याच अंशी दूर झाले. प्रत्येक ओळीत पाच अक्षरे, अक्षरांमधील व ओळींमधील अंतर अक्षराच्याच प्रमाणात, आणि ओळीगणिक आकार ठरावीक गुणोत्तराने घटत जाणारा, अशी ही रचना आहे. तिचे माप लघुगणकावर आधारलेले असून त्यास लॉगमार म्हणतात. एक ओळ म्हणजे ०.१ आणि ओळीतील एक अक्षर म्हणजे ०.०२. संशोधनात आज हेच माप प्रमाण मानले जाते.

अक्षर नको असेल तर काय वापरावे, याचीही उत्तरे जुनी आहेत. एडमंड लांडोल्ट याने १८८८ साली एके ठिकाणी तुटलेले वर्तुळ सुचविले. तूट कोणत्या बाजूस आहे एवढेच सांगावयाचे. चार दिशांना फिरविलेला रोमन ई हा त्याचाच भाऊबंद. तो अक्षर म्हणून येत नाही, तीन दातांचा फणा म्हणून येतो. लहान मुलांना डावे-उजवे सांगताना अडखळायला होते, म्हणून फिनलंडच्या लेआ ह्युव्हॅरिनेन यांनी घर, सफरचंद, वर्तुळ आणि चौकोन अशा चार चित्रांचा संच तयार केला. या सर्वांत एक उणीव समान आहे. पर्याय चारच असल्यामुळे डोळे मिटून उत्तर दिले तरी चारांत एकदा ते बरोबर येते. दहा अक्षरांच्या संचात ही शक्यता दहांत एक असते. म्हणजे अक्षर काढून टाकल्याने परीक्षा सर्वांना खुली होते, पण तिची धार थोडी बोथट होते आणि ती भरून काढण्यासाठी प्रश्नांची संख्या वाढवावी लागते.

येथे मोबाईलचे काम सुरू होते. नेत्रवैद्य अँड्र्यू बास्टवरस आणि त्यांचे सहकारी यांनी केनियातील नाकुरू येथे 'पीक' नावाची चाचणी घडविली व पारखली. तिचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. मोबाईल रुग्णापासून दोन मीटरवर धरला जातो. पडद्यावर एका वेळी एक ई उमटतो. रुग्ण फण्याचे दात ज्या दिशेला असतील त्या दिशेला हात करतो, आणि परीक्षक पडद्यावर त्याच दिशेला बोट सरकवितो. दिसत नसेल तर तो मोबाईल हलवितो. उत्तर बरोबर की चूक, हे परीक्षकाला ठाऊक असण्याची गरज नसते. ते यंत्र ठरविते आणि त्यावरून पुढचा आकार लहान करावा की मोठा, तेही यंत्रच ठरविते. पंचावन्न व त्याहून अधिक वयाच्या ३०० व्यक्तींवर केलेल्या तुलनेत या चाचणीचे आणि प्रमाण लॉगमार तक्त्याचे उत्तर सरासरीने ०.०७ ने भिन्न आले, म्हणजे एका ओळीहूनही कमी.

भाषेच्या दृष्टीने या रचनेत लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ती भाषा टाळून उभी राहिली आहे. रुग्ण बोलत नाही, हात करतो. परीक्षक ऐकत नाही, बोट फिरवितो. दोघांना एकमेकांची भाषा आली नाही तरी परीक्षा अडत नाही. शिवाय चिन्हांचा क्रम दर वेळी बदलतो. भिंतीवरचा तक्ता रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला आपले पाळी येईपर्यंत पाठ होतो, ही शाळांतील तपासणीत नेहमीची अडचण आहे. यादृच्छिक क्रमापुढे पाठांतर चालत नाही.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पडदा पिक्सेलांचा बनलेला असतो. एका इंचात ४०० पिक्सेल असलेल्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ०.०६ मिलिमीटरचा पडतो. दोन मीटर अंतरावरून एक कला म्हणजे ०.५८ मिलिमीटर, अर्थात एका रेघेस नऊ पिक्सेल मिळतात. ही रेखणी उत्तम होय. तेच यंत्र वाचनाच्या अंतरावर, चाळीस सेंटिमीटरवर आणले की एका रेघेच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत आणि तिरप्या रेषांच्या कडा पायऱ्यांसारख्या होतात. उठावाच्या परीक्षेत याहून मोठी अडचण येते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सामान्य पडदा २५६ पायऱ्या दाखवितो, तर निकोप डोळा एक टक्क्याहूनही कमी उठाव ओळखतो. मधल्या करड्या छटेजवळ पडद्याची एकेक पायरीच जवळजवळ तेवढी असते. आपोआप कमीजास्त होणारा उजेड, काचेवरचे प्रतिबिंब आणि बोटांचे तेलकट ठसे यांची भर वेगळीच. पडद्याचा खरा आकार कळावा म्हणून काही चाचण्यांत बँकेचे कार्ड काचेवर ठेवून त्याच्या ८५.६ मिलिमीटर रुंदीशी चौकट जुळवायला सांगतात. ही युक्ती साधी आणि चांगली आहे.

पण खेड्यातील मुलाच्या दृष्टीने खरा अडसर पिक्सेलांचा नसतो. केनियाच्याच ट्रान्स एन्झोइया परगण्यातील ५० शाळांत या पद्धतीची यादृच्छिक गटवार तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत तपासणी शिक्षकांनीच केली. एका गटात मोबाईल होता, दुसऱ्यात ई छापलेली पुठ्ठ्याची कार्डे. मोबाईल गटातील १०,५७९ मुलांपैकी ८९७ जणांना रुग्णालयात जाण्यास सांगण्यात आले, आणि त्यांपैकी ५४ टक्के तेथे पोहोचले. कार्डांच्या गटात १०,२८४ पैकी ३७९ जणांना सांगितले, आणि २२ टक्केच पोहोचले. हा फरक डोळ्याच्या मापनाचा नव्हे. मोबाईल गटातील पालकांना मुलाला जग कसे दिसते हे दाखविणारे चित्र दिले होते आणि त्यांच्याकडे आठवणीचे संदेश जात होते. परीक्षेतून काढून टाकलेली भाषा परीक्षेनंतरच्या टप्प्यावर परत आली आणि निर्णायक ठरली. अधिक मुलांना पुढे पाठविले म्हणजे तपासणी अधिक अचूक झाली, असा अर्थ मात्र त्यातून काढता येणार नाही. चारांतल्या एका अंदाजाची अडचण येथेही उरतेच.

आता दुसऱ्या, अधिक अवघड विषयाकडे वळू. डोळा "सहावर सहा" असूनही वाचता न येणे शक्य असते. दृष्टिपटलावर उमटलेली प्रतिमा मेंदूत शिरल्यावर तिचे भाग पाडणे, आकार ओळखणे, शेजारच्या आकारांपासून तो वेगळा काढणे, ही सारी कामे व्हावयाची असतात. या कार्यास येथे दृक्‌-संस्करण म्हटले आहे. एकटे अक्षर ओळखणारा डोळा तेच अक्षर ओळीच्या गर्दीत ओळखू शकत नाही, ही घटना सर्वज्ञात आहे. आळशी डोळ्याच्या विकारात ती विशेष तीव्र असते. आइंडहोव्हन येथील हेर्मान बाउमा यांनी १९७० साली दाखविले की, नजरेच्या मध्यापासून एखादे अक्षर जितके दूर असेल त्याच्या सुमारे निम्मे अंतर त्याच्या भोवती मोकळे हवे, एरवी शेजारची अक्षरे त्यात मिसळतात. हा गर्दीचा परिणाम आकार वाढवून जात नाही, अंतर वाढवून जातो. म्हणून सुट्या ई वर आधारलेली चाचणी त्याचा पत्ता लावू शकत नाही.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतो. एका थांब्यात किती अक्षरे उपयोगी पडतात, हे जॉर्ज मॅकोंकी आणि कीथ रेनर यांनी १९७५ साली इंग्रजीसाठी मोजले. डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत ही विषमता उलटी झाल्याचे १९८१ साली दिसून आले. म्हणजे डोळ्याच्या मागे चालणारे काम लिपीकडून शिस्त शिकते. दृक्‌-संस्करणाची लिपिनिरपेक्ष परीक्षा काही मर्यादेपर्यंतच शक्य आहे. वाचनाची परीक्षा तर मुळीच शक्य नाही.

वाचनाच्या परीक्षेचा सर्वांत विचारपूर्वक बांधलेला नमुना मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे टॅबलेटवरही आला. २०१८ साली छापील तक्त्याशी त्याची तुलना झाली. त्यातील प्रत्येक वाक्य रिकाम्या जागा धरून ६० चिन्हांचे असते, तीन ओळींत मांडलेले असते, आणि त्यातील शब्द दुसरी-तिसरीच्या मुलाला कळणारे असतात. वाक्यागणिक आकार कमी होत जातो, आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लागलेला वेळ मोजला जातो. त्यातून वाचता येणारा सर्वांत लहान आकार, वाचनाचा कमाल वेग, आणि ज्या आकाराखाली हा वेग ढासळू लागतो तो आकार, अशी तीन मापे हाती येतात. तिसरे माप सर्वांत मोलाचे. मंददृष्टी मुलाला पाठ्यपुस्तक किती मोठ्या टाइपात द्यावे, याचे उत्तर त्यातून मिळते. "सहावर अठरा" या नोंदीतून ते मिळत नाही.

हा नमुना मराठीत आणू म्हटले की पहिलाच प्रश्न उभा राहतो, ६० कशाचे? इंग्रजीत चिन्ह म्हणजे काय याविषयी वाद नाही. मराठीत 'गणपत' या शब्दात चार अक्षरे आहेत आणि संगणकाच्या युनिकोड गणनेनेही चारच चिन्हे आहेत. 'स्त्रियांच्या' या शब्दात अक्षरे तीन, पण युनिकोड चिन्हे तेरा. कागदावर हे दोन्ही शब्द फारशा वेगळ्या लांबीचे नाहीत. यंत्राला "साठ चिन्हांची वाक्ये निवड" असे सांगितले तर ते जोडाक्षरांनी भरलेले आखूड वाक्य आणि सुट्या अक्षरांचे लांबलचक वाक्य समान मानील. शब्द हे एककही येथे कामास येत नाही. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द आहेत. त्याच आशयाला इंग्रजीत आठ लागतात. तेव्हा मिनिटाला अमुक शब्द हा वेग मराठी मुलाच्या नावावर लिहून तो इंग्रजी मापाशी ताडून पाहणे म्हणजे त्या मुलावर अन्याय करणे होय. ट्युबिंगेन येथे सुसान त्राउत्सेटल-क्लोसिन्स्की यांच्या पुढाकाराने २०१२ साली सतरा भाषांतील समतोल उतारे प्रसिद्ध झाले, तेव्हा वेग शब्दांत, उच्चारावयवांत आणि वर्णांत असा तिहेरी नोंदविला गेला. त्या सतरांत भारतीय भाषा एकही नव्हती. मराठीसाठी अक्षर हे एकक स्वीकारणे त्यातल्या त्यात सयुक्तिक दिसते. तथापि जोडाक्षरांचे प्रमाण वाक्यावाक्यांत सारखे राखण्याची अट सोबत हवी.

आकाराचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. रोमन लिपीत उंची म्हणजे एक्स या लहान अक्षराची उंची, असे ठरून गेले आहे. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची घ्यावी, की वरची वेलांटी व मात्रा आणि खालचा उकार धरून संपूर्ण घ्यावी? पहिली धरली तर अक्षराची मुख्य आकृती मोठी भासते, पण अर्थभेद करणारी चिन्हे तिच्या बाहेर आणि तिच्याहून कितीतरी लहान राहतात. शिवाय स्नेलेनच्या चौकटीत ई चे पाच थर नेमके बसतात, तीन रेघा आणि दोन मोकळ्या जागा. 'क' वरून खाली मोजत गेल्यास शिरोरेषा, मोकळी जागा, गाठीची वरची रेघ, पोटातली पोकळी, खालची रेघ आणि त्याखाली दांड्याचे शेपूट, असे सहा-सात थर निघतात. पाच कलांच्या उंचीत ते बसवायचे तर प्रत्येक रेघ एका कलेहून बारीक होणारच. आपल्याकडे रुग्णालयांतून आणि चष्म्यांच्या दुकानांतून देवनागरी तक्ते वर्षानुवर्षे टांगलेले आहेत. त्यांतील 'ग' आणि 'ध' एकाच ओळीत सारख्या उंचीने छापले म्हणून ते सारखे कठीण ठरत नाहीत. 'ध' आणि 'घ' यांत फरक मुख्यतः शिरोरेषा तुटली आहे की नाही एवढाच. 'व' आणि 'ब', 'प' आणि 'ष' यांत पोटातल्या एका तिरप्या रेघेचा.

उपकरणाच्या अंगाने आणखी एक बाब. कागदावर अक्षर एकदा छापले की ते बदलत नाही. पडद्यावर ते फाँट आणि अक्षरजुळणीची प्रणाली यांच्या हवाली असते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द मराठीत वेगळे आहेत, पण प्रणालीला ही सोय नसेल तर दुसऱ्या शब्दातला रफार नीट जुळत नाही आणि पाय मोडलेले अक्षर दिसते. मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपे हिंदीहून निराळी असून महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ती नमूद आहेत. मोबाईलवर मात्र बहुतेक फाँट हिंदी वळणाची रूपे दाखवितात. बालभारतीच्या पुस्तकावर अक्षरओळख झालेले सात वर्षांचे मूल अशा 'श' पाशी थबकले, तर तो थबकणे डोळ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. चाचणीची वाक्ये अक्षरसंकेत म्हणून न साठविता तपासून घेतलेली चित्रे म्हणून साठविणे हाच यावर उपाय होय.

याहून खोल प्रश्न वाचकाच्या भाषेचा. अहिराणी, गोरमाटी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातले मूल मराठी शाळेत प्रमाण मराठीचे वाक्य वाचते, तेव्हा त्याचा मंद वेग डोळ्यातून आला की दृक्‌-संस्करणातून की केवळ अपरिचित शब्दांतून, हे एका आकड्यावरून कळणार नाही. आकार मोठा केल्यावर वेग वाढला तर डोळ्याचा संशय घ्यावा. अंतर वाढविल्यावर वाढला तर गर्दीचा. दोन्हींनी वाढला नाही तर मुलाच्या पाटीत शब्द आहेत काय ते पाहावे. टॅबलेटवर आकार, अंतर आणि शब्द हे तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात. कागदाच्या तक्त्याला हे करता येत नाही, आणि टॅबलेटचा खरा लाभ येथेच आहे. मुलाला "ढ" ठरविण्यापूर्वी हे तीन प्रश्न वेगळे विचारले गेले पाहिजेत.

लिपीचे स्वतःचे ओझेही या हिशेबात धरावे लागते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते आणि त्याच्या आधी लिहिली जाते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात असे शब्द वाचायला अधिक वेळ लागतो असे आढळले. डोळा निकोप असताही हा वेळ लागतो. म्हणून चाचणीच्या वाक्यांत ऱ्हस्व वेलांट्यांची संख्याही सारखी राखावी लागेल.

या सर्व चिन्हांत दृष्टिपरीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे चिन्ह म्हणजे अनुस्वार. तो मराठीतील सर्वांत लहान अर्थभेदक खूण आहे. एक टिंब, तेही शिरोरेषेच्या वर आणि अनेकदा मात्रेच्या कुशीत दडलेले. जुन्या लेखनात 'कांहीं', 'तें', 'घरें' अशी अनुच्चारित टिंबे विपुल होती, आणि त्यांतले एखादे डोळ्याला दिसले नाही तरी अर्थाचे नुकसान होत नसे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ती काढून टाकली. आता जी उरली आहेत ती बहुतेक उच्चारातही आहेत आणि अर्थातही. सामान्यरूपाच्या अनेकवचनाचे टिंब हे त्यांतले मुख्य.

येथे मराठी व्याकरणाने एक तयार प्रयोगच हाती दिला आहे. 'मुलाने' आणि 'मुलांनी', 'मुलाला' आणि 'मुलांना' या जोड्यांत वचनभेद दोन ठिकाणी दिसतो, टिंबात आणि प्रत्ययातही. टिंब दिसले नाही तरी 'नी' किंवा 'ना' वाचून वाचक ते मनात भरून घेतो. पण 'मुलाचा' आणि 'मुलांचा', 'पुस्तकात' आणि 'पुस्तकांत', 'झाडाखाली' आणि 'झाडांखाली' या जोड्यांत सारा वचनभेद एकट्या टिंबावर उभा आहे. वाक्यातील अन्य शब्द वचन उघड करीत नसतील, तर व्याकरण वाचकाला काहीच मदत करीत नाही. पहिल्या प्रकारची वाक्ये आणि दुसऱ्या प्रकारची वाक्ये यादृच्छिक क्रमाने टॅबलेटवर दाखवून आकार उतरवीत नेला, तर दोहोंतील चुका कोठे फुटू लागतात हे पाहता येईल. दृष्टी मंद असेल तर चुका एका बाजूला झुकतील, कारण न दिसलेले टिंब नेहमी अनेकवचनाचे एकवचन करते, उलट करीत नाही. आणि त्या आकाराबरोबर वाढत जातील. वाचनच कच्चे असेल तर त्या दोन्ही बाजूंना होतील आणि मोठ्या आकारातही होतील. दोन प्रकारच्या वाक्यांतील फरक म्हणजे वाचक डोळ्याऐवजी व्याकरणाने किती वाचतो याचे माप. साक्षर प्रौढात ते मोठे निघावे अशी अपेक्षा आहे. मोतीबिंदू वाढत असताही वर्तमानपत्र वाचणारे अनेक वृद्ध आपली दृष्टी ठीक आहे असे समजतात, त्याचा उलगडाही काही अंशी येथे सापडेल.

अशा चाचणीसाठी वाक्ये निवडताना कोणते शब्द दोन्ही वचनांत जवळपास सारख्या वारंवारतेने येतात, हे आधी मोजून घ्यावे लागेल. 'झाडांखाली' पेक्षा 'झाडाखाली' फार अधिक आढळत असेल, तर न दिसलेल्या टिंबाला वारंवारतेचाही हातभार लागतो आणि चुका फुगतात. 'घरावर' आणि 'घरांवर' यांसारख्या जोड्या मोठ्याने वाचून घेण्याच्या परीक्षेतून वगळाव्यात. वकारापूर्वीचे अनुनासिकत्व बोलण्यात पुष्कळदा इतके क्षीण असते की परीक्षकाच्या कानाला भेद पटत नाही, आणि कानाची चूक मुलाच्या डोळ्यावर लिहिली जाते. त्या जोड्या ठेवावयाच्याच असतील तर मुलाला बोलायला न लावता पडद्यावरील दोन चित्रांपैकी, एक घर आणि अनेक घरे यांपैकी, एकावर बोट ठेवावयास सांगावे.